सहाशे लिटरांचं एक झाड

डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन निघालेली बाई एका खेपेत साधारण 20 लिटर पाणी नेते. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातल्या केम गावच्या माळावर लावलेलं रोप पहिलं वर्ष तगवायचं, तर पावसाळा सरल्यापासून मे संपेपर्यंत त्याला हाताने पाणी घालावं लागतं. हे झाले साधारण 30 आठवडे. आठवड्यातून दोनदा, दर वेळी 10 लिटर, असं धरू. म्हणजे एका रोपाला एका वर्षात 600 लिटर.

एकाच रोपाचा प्रश्न असेल तर 30 खेपा, काहीच नाही. पण झाडं लावणाऱ्या बाईकडे एकच रोप कधी नसतं. समजा तिच्याकडे 200 रोपं आहेत. वर्षाला 1 लाख 20 हजार लिटर पाणी झालं. वजनाने 120 टन. झाड स्वतःच्या मुळांवर उभं राहायला तीन वर्षं लागतात असं धरलं तर 360 टन. केम हे सोलापूर-पुणे लोहमार्गावरचं स्टेशन आहे, तिथून मालगाड्या जातात, आणि मालगाडीच्या एका वाघिणीत साधारण 60 टन माल बसतो. सहा वाघिणी भरून पाणी एका बाईच्या डोक्यावरून आणि कमरेवरून गेलं.

आता अंतर मोजू. विहीर किंवा हापसा रोपांपासून अवघ्या 100 मीटरवर आहे असं उदार मनाने धरलं, तरी जाऊन-येऊन 200 मीटर. वर्षाला 6,000 खेपा, म्हणजे 1,200 किलोमीटर. तीन वर्षांत 3,600. भारताची उत्तर-दक्षिण लांबी 3,214 किलोमीटर आहे. काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत चालत जाऊन वर आणखी चारशे किलोमीटर चालल्यासारखं हे चालणं झालं, आणि त्यातलं निम्मं डोक्यावर ओझं घेऊन. सगळं एकाच माळावर, त्याच पायवाटेने.

झाडांच्या बातम्यांत हा आकडा कधी येत नाही. तिथे किती रोपं लावली एवढंच येतं.

महाराष्ट्राने 2016 पासून दरवर्षी वाढत जाणारी लक्ष्यं ठेवली होती: आधी 2 कोटी, मग 4, मग 13, आणि 2019 च्या पावसाळ्यात 33 कोटी. यातल्या शेवटच्या तीन वर्षांच्या मोहिमेचं नावच 50 कोटी वृक्षलागवड असं पडलं. 33 कोटी म्हणजे किती? दोन रोपांमध्ये तीन मीटर अंतर ठेवून ती लावली तर जवळजवळ 3 लाख हेक्टर जमीन लागेल, अख्ख्या सोलापूर जिल्ह्याचा पाचवा हिस्सा. आणि केमच्या हिशेबाने प्रत्येक रोपाला पहिल्या वर्षी 600 लिटर द्यायचं ठरवलं, तर लागणारं पाणी भरतं बरोबर 7 टीएमसी. सोलापूरकराला टीएमसी समजावून सांगावा लागत नाही. उजनी धरणाचा उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास आहे, म्हणजे त्याचा आठवा भाग नुसत्या रोपांना. टँकरने घालायचं तर 10 हजार लिटरच्या जवळजवळ 2 कोटी फेऱ्या. कोकणात आणि पूर्व विदर्भात पाऊस पुष्कळ हात देतो हे खरं. तरी त्या 33 कोटींतलं जे रोप सोलापूर, धाराशिव, बीडच्या वाट्याला आलं, त्याचं पाणी कोण घालणार होतं? खड्ड्यांची आणि रोपांची मोजदाद झाली, घागरींची झाली नाही. पुढे त्या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली.

मोठे आकडे मला आवडतात, त्यांचा मला राग नाही. फक्त मोठा आकडा कुठून निघाला आणि कोणाच्या अंगावर उभा आहे, हे सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही.

पृथ्वीवर झाडं किती, हा प्रश्न घ्या. 2015 पर्यंत अंदाज होता 40 हजार कोटींचा. त्या वर्षी येल विद्यापीठातल्या थॉमस क्राउदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरात जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेल्या 4 लाखांहून अधिक ठिकाणांच्या नोंदी आणि उपग्रहांची चित्रं एकत्र करून नवा आकडा मांडला: 3 लाख 4 हजार कोटी. आधीच्या अंदाजाच्या साडेसातपट. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता मोजत बसलं तर 96 हजार वर्षं लागतील. त्याच अभ्यासाने हेही सांगितलं की माणसाने शेती सुरू केल्यापासून जगातली जवळजवळ निम्मी झाडं, 46 टक्के, संपली आणि दरवर्षी 1,500 कोटी झाडं तुटतात. सेकंदाला 475. जगात माणशी 400 हून अधिक झाडं निघाली. भारतात माणशी 28 च्या आसपास.

ही मोजदाद सुरू होण्यामागे एक बाई आहे.

केनियातल्या वांगारी मथाई या पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. 5 जून 1977 रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, त्यांनी नैरोबीतल्या कामुकुंजी बागेत सात झाडं लावली. केनियातल्या वेगवेगळ्या जमातींच्या सात दिवंगत नेत्यांच्या नावाने. त्या सातांपैकी पाच मेली. दोन जगली. पुढे ज्या चळवळीने पाच कोटींहून अधिक झाडं लावली, तिची सुरुवात सातात दोन इतक्या हिशेबाने झाली होती.

मथाईंनी त्यातून जे शिकून घेतलं ते आपल्या कामाचं आहे. खेड्यातल्या बायका त्यांना सांगत होत्या की सरपण मिळत नाही, ओढा आटला, जनावराला चारा नाही. या तिन्ही तक्रारींचं मूळ त्यांना एकाच ठिकाणी दिसलं. मग त्यांनी ठरवलं की केनियात जेवढी माणसं तेवढी झाडं लावायची. तेव्हा केनियाची लोकसंख्या दीड कोटी होती. त्या रोपं मागायला सरकारी वनाधिकाऱ्याकडे गेल्या, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, हवी तेवढी रोपं फुकट न्या. वर्षही झालं नाही तोवर त्याला शब्द मागे घ्यावा लागला, कारण त्याच्या रोपवाटिका पुऱ्या पडेनात इतकी रोपं बायका उचलत होत्या. मग त्यांनी स्वतःच रोपं करायला घेतली. फुटकी मडकी आणि जुने डबे यांत माती भरून, आसपासच्या झाडांचं बी गोळा करून. वनशास्त्राची पदवी कोणाकडेच नव्हती. बी पेरणं त्यांना जन्मापासून येत होतं.

आणि पैसे द्यायची पद्धत. मथाईंच्या चळवळीत बाईला रोप लावल्याचे पैसे मिळत नसत. रोपवाटिकेतून बाहेर जाऊन जे रोप जगलं त्याचे मिळत, प्रत्येकी चार अमेरिकी सेंट. रक्कम अगदी किरकोळ. पण मोजायची वस्तू बदलली. खड्डा मोजायचा सोडून पानं मोजायची असं ठरलं की बाई कुंपण घालते, आळं करते, शेळी हाकलते, कारण तिचा मोबदला त्या शेंड्यावर आहे. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांत वृक्षलागवडीत लागलेला सगळ्यात मोठा शोध हाच.

2004 साली मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी स्त्री. 2006 साली त्यांच्या प्रेरणेने संयुक्त राष्ट्रांनी शंभर कोटी झाडांची मोहीम काढली. 2007 साली जर्मनीतल्या फेलिक्स फिंकबायनर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाने शाळेच्या निबंधासाठी मथाईंबद्दल वाचलं आणि मुलांची झाडं लावायची संघटना सुरू केली. काही वर्षांनी त्याच संघटनेला प्रश्न पडला की आपण लावतोय ते पुरेसं आहे का, मुळात जगात झाडं आहेत तरी किती? तो प्रश्न येलला गेला आणि 3 लाख 4 हजार कोटींचं उत्तर आलं. कामुकुंजीतल्या सात रोपांपासून इथवर.

आपल्या बाजूला या. कर्नाटकातल्या हुलिकल गावच्या सालुमरदा थिम्मक्का दगडाच्या खाणीत मजुरी करत. मूल नव्हतं. त्यांनी आणि त्यांचे पती चिक्कय्या यांनी हुलिकल ते कुदूर या साधारण चार किलोमीटरच्या रस्त्याच्या कडेने वड लावायला घेतले. पहिल्या वर्षी 10, दुसऱ्या वर्षी 15, तिसऱ्या वर्षी 20. बादल्या भरून चालत जायचं, रोपाला पाणी घालायचं, जनावर तोंड लावू नये म्हणून भोवती काट्या लावायच्या. पुढे 385 वड झाले. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 385 हा आकडा 33 कोटींपुढे काहीच नाही असं कोणाला वाटेल. पण हा आकडा जाऊन, हात लावून मोजता येतो. तो जगलेल्या झाडांचा आहे. पहिल्या वर्षी दहाच लावली याकडे माझं सारखं लक्ष जातं. मजुरीहून परत आल्यावर दोन माणसांना किती झाडांचं पाणी झेपेल, हे त्या जोडप्याला अचूक कळलं होतं.

आणि असलेलं झाड वाचवण्याचा हिशेब तर वेगळाच. 26 मार्च 1974 रोजी उत्तराखंडातल्या रेणी गावात गौरादेवींच्या मागे 27 बायका जंगलात जाऊन उभ्या राहिल्या. 2,451 झाडं तोडली जाणार होती. बाईमागे 90 झाडं. केमच्या हिशेबाने ती सगळी 2,451 झाडं तीन वर्षं हाताने पाणी घालून वाढवायची म्हटली तर 44 लाख लिटर पाणी लागलं असतं, आणि तेवढ्याने जंगल झालं नसतंच, नुसती कमरेइतकी रोपं झाली असती. म्हणून गावाच्या शिवारात जी जुनी चिंच, जो लिंब, जी बाभूळ आज उभी आहे, ती बांध कोरताना किंवा रस्ता रुंद करताना जाऊ न देणं हेच सगळ्यात स्वस्तातलं वृक्षारोपण.

हे 44 लाख लिटर ऐकून घाबरायला होतं. पण सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका एकरावर साडेपाचशे मिलिमीटर म्हणजे 22 लाख लिटर. रेणीच्या सगळ्या झाडांचं तीन वर्षांचं पाणी केमच्या दोन एकरांवर एका पावसाळ्यात पडून जातं. ज्या 200 रोपांसाठी आपली बाई तीन वर्षं 3,600 किलोमीटर चालली, त्यांचं सगळं पाणी, 3 लाख 60 हजार लिटर, अवघ्या साडेसहा गुंठ्यांवर एका वर्षात पडतं. पडतं आणि वाहून जातं. उताराला आडवे समतल चर खणले, रोपाच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, मुळाशी एक मडकं पुरून त्याला वात लावली, तर घागरींची संख्या खाली येते. दुष्काळी भागातल्या बायका हे सगळं जाणतात. मजुरीच्या हजेरीपटात मात्र खड्ड्याचं माप असतं, आच्छादनाचं क्वचितच.

ही मजुरी या जिल्ह्याला नवी नाही. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राचा कणा मोडला, त्यात सोलापूर पुढच्या रांगेत होता. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. त्यातून रोजगार हमीचा कायदा आला, 1977 साली. पुरुषाला आणि बाईला त्याच कामाचा तोच दर, हे त्या कामांवर लाखो बायकांना पहिल्यांदा मिळालं. पुढे 1982 मध्ये सामाजिक वनीकरण विभाग आला, आणि रस्त्याच्या कडेच्या, गायरानावरच्या झाडांची कामंही मजुरांना मिळू लागली. रोपवाटिकेत पिशव्या भरायला आणि रोपांना पाणी घालायला बायकाच असतात. बातमीतल्या फोटोत मात्र फावडं कोणा पाहुण्याच्या हातात असतं.

त्याआधीचं उदाहरण शोधायलाही लांब जावं लागत नाही. करमाळ्याच्या शेजारचा तालुका जामखेड, आणि जामखेडमधलं चोंडी हे अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. 1725 चा जन्म. वाटसरूंसाठी विहिरी, धर्मशाळा आणि रस्त्याकडेची सावली हा त्यांच्या राज्यकारभाराचा भाग होता. झाडाशेजारी विहीर, हे तेव्हाही कळत होतं.

केमचं नाव महाराष्ट्रभर पोचलं ते कुंकवाने. हळदीपासून कुंकू करण्याचा इथला धंदा जुना आहे आणि केमचं कुंकू दूरदूरच्या बाजारात जातं. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला राज्यातल्या लाखो बायका वडाला सूत गुंडाळून बुंध्याला कुंकू लावतात, त्यातलं पुष्कळ कुंकू या एका गावातून गेलेलं असतं. ज्या झाडाच्या पूजेचं साहित्य केम पुरवतं, ते झाड किती मोठं होऊ शकतं याचं एक माप आंध्रात आहे. तिम्मम्मा मर्रिमानु नावाचा वड. तिम्मम्मा नावाच्या एका बाईच्या नावाने ओळखला जाणारा. त्याचा विस्तार 19,107 चौरस मीटर, पावणेपाच एकरांना जरा कमी. एक झाड, पावणेपाच एकर. असा वड एका पिढीत होत नाही. पण त्यालाही पहिली तीन वर्षं कोणाची तरी घागर लागलेलीच असणार.

2018 साली राज्याने कन्या वन समृद्धी योजना आणली. शेतकऱ्याच्या घरी मुलगी झाली की दहा रोपं द्यायची: पाच साग, दोन आंबे, एक फणस, एक जांभूळ, एक चिंच. कल्पना चांगली आहे. पण केमच्या जमिनीत फणस मला पटत नाही. तिथे चिंच, बोर, लिंब यांची बेरीज दहा झाली असती तर जास्त रोपं मुलीबरोबर मोठी झाली असती. रोपांची यादी तालुक्याने ठरवावी, मंत्रालयाने नव्हे.

आणि आता ज्या आकड्याने सोलापूरचा सगळ्यात जास्त अपमान होतो, तो आकडा. राष्ट्रीय वनधोरण सांगतं की 33 टक्के भूभाग वनाखाली असावा. सोलापूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. मग दरवर्षी कोणीतरी जिल्ह्याला उजाड म्हणतं आणि माळावर खड्डे खणायचे आदेश निघतात. तेहतीस टक्क्यांचा हट्ट धरला तर या जिल्ह्यात 4,900 चौरस किलोमीटरवर झाडं उभी करावी लागतील. तसं करू नये असं मी ठामपणे म्हणेन. सोलापूरचा माळ म्हणजे मेलेलं जंगल नव्हे. तो गवताचा प्रदेश आहे, त्याच्या स्वतःच्या हक्काचा. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल आणि माळढोक यांचं ते घर. 1979 साली इथे माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र जवळजवळ 8,500 चौरस किलोमीटर होतं आणि करमाळा तालुक्याचा भाग त्यात होता. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. आज जगात माळढोक दीडशेही उरलेले नाहीत. उघड्या गवतात जमिनीवर एकच अंडं घालणाऱ्या या पक्ष्याच्या माळावर रांगेने ग्लिरिसिडिया लावला, तर कागदावर हिरवाई वाढते आणि शेवटचा पक्षी जातो.

झाडं लावायची ती गावठाणात, बांधावर, रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, शाळेच्या आणि देवळाच्या आवारात, रेल्वेच्या हद्दीबाहेरच्या पडीक पट्ट्यात. गवताचा माळ गवतालाच ठेवायचा, त्यावर मेंढपाळाचीही पोटं आहेत. शिवारातलं कुठलं ठिकाण कशाचं, हे सरपणाला आणि गवताला रोज तिथे जाणाऱ्या बाईला नकाशावाल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. जागा निवडायच्या बैठकीत तिला बसवणं हे मान देण्यापुरतं नाही, त्याने रोपं वाचतात.

आता पैशाचा हिशेब. 200 रोपांना आठवड्याला 4,000 लिटर, म्हणजे 200 खेपा. हापशावर घागर भरणं, चालणं, आळ्यात ओतणं, परत येणं, याला दहा मिनिटं धरली तर आठवड्याला 33 तास. सुट्यांची, काट्या नीट करण्याची वेळ धरून आठवड्याच्या पाच हजेऱ्या. तीस आठवड्यांत 150 दिवस. 2025-26 साठी महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता, तोच धरू. वर्षाचे 46,800, तीन वर्षांचे 1,40,400. दोनशेतली 180 जगली तर एका जगलेल्या झाडाला 780 रुपये. केंद्राच्या हमीतल्या दिवसांपुढची मजुरी राज्याने स्वतःच्या पैशाने द्यायची, ही महाराष्ट्राच्या हमीची जुनी पद्धत आहे, तेव्हा 150 दिवस कायद्यात बसत नाहीत असं कोणी म्हणू शकत नाही.

केमसारख्या गावात दहा बायकांनी हे काम घेतलं तर तीन वर्षांनी 1,800 झाडं आणि खर्च 14 लाख 4 हजार. मोजणी जुलैत, पाऊस चालू असताना करायची नाही. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यात करायची, आणि हजेरीपटावर त्या दहा जणींचे अंगठे किंवा सह्या झाल्यावर झाडांच्या आकड्याखालीही त्यांच्याच सह्या घ्यायच्या.